सीएसआरची रोपं, डोंगरावरचं गवत आणि मार्चमधला वणवा

चष्मिश

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या हिंजवडीच्या कंपनीत यंदा सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढायचे पैसे 'झाडांसाठी' निघालेत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मुळशी तालुक्यातला वनखात्याच्या हद्दीतला एक उतार आम्हाला दाखवलाय. पावसाळ्यात दोन बस भरून लोक न्यायचे, रोपं लावायची, टी-शर्ट, फोटो, वडापाव, परत यायचं, असा बेत वरूनच ठरून आलाय.

जागा बघायला गेलो तर शेजारच्या उतारावर आदल्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणी लागवड केलेली दिसली. म्हणजे काय दिसलं, तर खड्डे, आळी, अर्ध्या जळालेल्या बांबूच्या काठ्या आणि ठिबकच्या नळ्या वितळून दगडाला चिकटलेल्या. रोप एकही नाही. सोबत वनरक्षक होते, ते म्हणाले, "साहेब, लावायला सगळे येतात. मार्चमध्ये कोण येत नाही."

आता मला कळेना की करायचं काय. कुठली झाडं लावू, किती लावू, मियावाकी (ती दाट लागवडीची जपानी पद्धत) करू का, की पैसे परत करू? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. वनस्पतिशास्त्राचा माझा अभ्यास दहावीच्या पुस्तकापुढे गेलेला नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

टेकडीवाला

पैसे परत करू नका, आधी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एक चक्कर मारा. सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या लोकांना ते 'जंगल' वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट जांभळ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतील, लोक त्याला पुण्याचा चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात. ते ग्लिरिसिडिया, आपल्याकडे गिरिपुष्प किंवा उंदीरमारी म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या तेव्हा खात्याने आणि संस्थांनी ते सरसकट लावलं, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. नुसती फांदी रोवली तरी फुटतं, वीतभर मुरमात तग धरतं, हवेतला नत्र जमिनीत धरतं, कुणी फांदी तोडली तर चार नव्या येतात. 'हिरवं दिसलं पाहिजे' एवढीच मागणी असेल तर याच्यासारखं दुसरं झाड नाही.

घोटाळा नंतरचा आहे. त्याच्या दाट राईखाली आपलं काही फारसं उगवत नाही. फळ खायला पक्षी यावा तर फळ म्हणजे वाळकी शेंग. उन्हाळ्यात, जेव्हा सावली हवी, तेव्हा झाड निष्पर्ण. आता हीच टेकडी जिथे थोडी अस्ताव्यस्त राहिली आहे, खाणीच्या कडेला, घळींमध्ये, तिथे बघा: मोई, सालई, गणेरी, मेढशिंगी, पळस, काटेसावर, हिवर. कुणी लावली नाहीत. त्यांना फक्त कुणी तोडलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, जागा बघताना 'काय लावू' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी तिथे काय फुटतंय ते बघा. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे असतात, गुरांनी खुडलेली खुरटी रोपं असतात. चार पावसाळे चराई आणि आग अडवली तर अशा उतारावर बरंच काही आपणहून उठतं.

माळकरी

टेकडीवाल्यांशी सहमत, पण एक पायरी आणखी मागे जातो. तो उतार जंगलाचाच आहे कशावरून?

पुणे जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला ताम्हिणीत काही हजार मिलिमीटर पाऊस आणि साठेक किलोमीटरवर शहरात सातशेच्या आसपास. पुढे सासवड, सुपे, बारामती, इंदापूरकडे त्याहूनही कमी. एवढ्या पट्ट्यात निमसदाहरित रानापासून पानगळीपर्यंत आणि तिथून उघड्या माळापर्यंत सगळं येतं. पण लागवडीचा आराखडा मात्र सगळीकडे एकच: वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बांबू. 'देशी' हा शिक्का मारला की झालं. अहो, ताम्हिणीचं झाड सुप्याच्या माळावर परकंच की.

माळरानाला सरकारी कागदात पडीक म्हणायची सवय इंग्रजांची. ज्यातून महसूल नाही ते पडीक. ती आपण इमानाने सांभाळली. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथली चिंकारा उघड्या गवतात राहते. लांडगा, खोकड, तरस, धाविक, माळटिटवी, यांना झाडांची दाटी नकोच असते. त्यांच्या माळावर जेसीबी लावून सलग समतल चर (पाणी मुरवायला उताराला आडवे लांब चर) खणायचे, माती उलटीपालटी करायची, त्यात रोपं खोचायची, आणि त्याला हरित महाराष्ट्र म्हणायचं. २०१६ ते २०१९ मध्ये राज्यात ५० कोटी झाडांचं लक्ष्य होतं, एकट्या २०१९ साली ३३ कोटींचं. आकडा एवढा मोठा झाला की जागा शोधताना पहिला बळी उघड्या माळाचाच जाणार. झाडं असलेल्या रानात खड्डे कोण खणणार?

आणि कार्बन कार्बन करणाऱ्यांसाठी: गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वरचं गवत जळलं तरी तो खाली राहतो. तुमची रोपं जळली की सगळंच गेलं.

चष्मिश

म्हणजे झाडं लावूच नयेत? साहेबांना हे कसं सांगू?

निवृत्त_रानगडी

सांगू नका, थांबा जरा. मी खात्यात वनरक्षक म्हणून नोकरी काढली, घाटमाथ्याच्या बाजूला. माळकरींचं माळापुरतं खरं आहे, पण मुळशीचा उतार वेगळा. तिथं रान होतं आणि परत येऊ शकतं. येत नाही ते वणव्यामुळं.

वणवा लागतो कसा ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडं वीज पडून वणवा जवळपास लागतच नाही. माणूसच लावतो. कोण मधाचं पोळं काढायला धूर करतो, कोण बिडी टाकतो, कोण शिकारीसाठी. कुणाला वाटतं जुनं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं चांगलं फुटतं. कोण शेताचा बांध पेटवून घरी जेवायला जातो आणि वारं फिरतं. आता त्यात पुण्याहून येणारी मंडळी, रात्री तंबू ठोकून शेकोटी करणारी. शेकोटी विझली असं त्यांना वाटतं, निखारा पहाटेच्या वाऱ्यावर गवतात जातो. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणं गुन्हा आहे, पण साक्षीदार कोण देणार? गवत?

आगीचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा काढून झाली पाहिजे. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रेषेवरचं गवत दोन्ही अंगांनी कापायचं, वाळू द्यायचं, मग सकाळी दव असताना किंवा संध्याकाळी वारं पडल्यावर आपणच जाळायचं. माणसं दोन्ही कडांना ओल्या फांद्या घेऊन उभी. निर्गुडीची फांदी चांगली, लवचिक असते आणि पाला दाट. आगीवर झोडपायची नाही, दाबायची. नवशिके जोरात मारतात आणि ठिणग्या पलीकडं उडवतात. हल्ली पाला उडवायचे ब्लोअर आलेत, त्यांनी काम लवकर होतं, पण डोंगराच्या सोंडेवर ते पाठीवर घेऊन चढायचं आणि पेट्रोल संपलं की संपलं.

मोबाइलवर आता उपग्रहाचा निरोप येतो, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून. चांगली सोय आहे. पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हा त्याला दिसणार. त्यातला बारीक बघणारासुद्धा ३७५ मीटरचा चौकोन बघतो. निरोप वाचून आम्ही निघेपर्यंत वाळलेल्या कुसळी गवतात आग सोंड चढून गेलेली असते. गवतातली आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते हे कायम लक्षात ठेवा.

तर चष्मिश साहेब, तुमच्या कंपनीला विचारा, रोपांऐवजी फायर वॉचरचा, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या राखणदारांचा पगार देणार का? गावातली चार पोरं, फेब्रुवारी ते जून. खात्याकडं हंगामी माणसं असतात पण अपुरी, आणि मजुरी हातात पडायला पावसाळा उजाडतो. मग पुढच्या वर्षी तो माणूस का येईल?

पवनाकाठ

रानगडी काका, बरं झालं लिहिलंत. गावकरी आग लावतात असं शहरातले लोक सहज म्हणतात म्हणून मावळातली थोडी वस्तुस्थिती.

आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. खाचराच्या एका कोपऱ्यावर शेण, पालापाचोळा, ऐन-किंजळीच्या डहाळ्या, गवत, वर माती, असं थरावर थर रचून उन्हाळ्यात पेटवायचं. तण मरतं, राख खत होते, रोप जोमात येतं. त्यासाठी दरवर्षी झाडं खांडायची. कुठल्याही भाताच्या गावात जा, ऐनाचं झाड खांबासारखं उभं आणि डोक्यावर पाल्याचा झुपका, हे राबासाठी तोडून तोडून झालेलं असतं. आणि राब भाजताना वारा आला की बांधावरून डोंगरावर जायला वेळ लागत नाही. आता गादीवाफ्यावर रोप करणं, किंवा नेरळकडून आलेल्या सगुणा पद्धतीने कायमच्या वाफ्यांवर थेट टोकणी करणं, यात राब लागतच नाही. आमच्या भावकीत काहींनी केलं, तण पहिली दोन वर्षं त्रास देतं म्हणून काहींनी सोडलं. कंपनीने यात पैसे घातले तर डोंगरावरची तोड आपोआप कमी होईल. पण भातशेतीला पैसे दिले तर त्याला 'वृक्षारोपण' म्हणता येत नाही ना!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्वी हे गवत जळायला शिल्लकच राहत नव्हतं. गुरं होती, दिवाळीनंतर गवत कापून गंजी रचली जायची, पुण्याच्या गोठ्यांना विकली जायची. आता घरटी जनावर राहिलं नाही. पोरं चाकणला नाहीतर तळेगावला कामाला. डोंगराखालच्या जमिनी बंगलेवाल्यांना गेल्या, त्यांनी तारेची कुंपणं घातली, पाऊलवाटा बंद. गवत छातीएवढं वाढतं आणि उभ्यानं वाळतं. मग जी आग पूर्वी पायाशी धुमसून विझायची ती आता शेंड्यापर्यंत जाते. 'चराईबंदी करा' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

टेकडीवाला

पवनाकाठ, हा मुद्दा मला पटायला जड जातोय. चराईमुळे टेकड्या बोडक्या झाल्या हेही खरंच आहे की. शेळी सोडली की रोपाचा शेंडा राहत नाही.

पवनाकाठ

बेबंद चराई आणि कापणी यात फरक आहे, दादा. रोपं आहेत तिथे गुरं सोडू नका, पण गवत कापून नेऊ द्या. डोक्यावरचा भारा कुणाच्या रोपाचा शेंडा खात नाही. कापणाऱ्याला आधी रोपाभोवतीची जागा मोकळी करायला सांगा, बाकी गवत त्याचं. पावती, अर्ज, 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे सगळं नको फक्त. आमच्या एका नातेवाइकाला एका कार्यालयात एवढ्याशा गवतासाठी इतक्या चकरा माराव्या लागल्या की त्याने नाद सोडला. त्या वर्षी तो डोंगर जळाला.

आणि देवराईबद्दल. पुणेकर आमच्याकडे देवराई बघायला येतात, भक्तिभावाने. १९७०च्या दशकात आघारकर संस्थेचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी इथल्या देवराया धुंडाळून नोंदल्या, त्यामुळे त्या अभ्यासकांना माहीत झाल्या. पवना धरणाच्या बाजूची आजिवलीची देवराई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. पण देवराई 'देवाच्या भीतीने' टिकते असं सरसकट लिहू नका. तिथे नियम असतात: पडलेलं लाकूड कुणी न्यायचं, कुणी नाही, कौल लावायचा, बैठक बसवायची. माणसं बसून ठरवतात म्हणून टिकते. आता जिथे बैठकच बसत नाही तिथे देणगीतून सिमेंटचं मंदिर होतं, सभामंडप, फरशी, गाड्या लावायला जागा, आणि वेली-झुडपं 'साफसफाई'त जातात. मोठे वृक्ष राहतात म्हणून लोकांना वाटतं देवराई आहे. त्यांच्या खाली पुढची पिढी नाही.

रोकडे

इतका वेळ वाचतोय. सगळं ठीक, पण तुम्ही लोक सामान्य माणसाला झाड लावायचीच चोरी करून ठेवता. एप्रिलमध्ये सिंहगड रस्त्याला, नाहीतर हडपसरला बसस्टॉपवर उभं राहा आणि मग मला 'माळरानाची परिसंस्था' समजावा. शहराला सावली हवी. आमच्या सोसायटीलगतच्या मोकळ्या तुकड्यावर आम्ही मियावाकी केलं, दाट झालंय, पोरं खेळतात, बुलबुल-शिंपी येतात. यात वाईट काय?

माळकरी

काही वाईट नाही, रोकडेसाहेब. शहरातला कचऱ्याचा तुकडा, पाणी द्यायला नळ जवळ, कुंपण आहे, राखायला माणसं आहेत: करा मियावाकी, खुशाल करा. चौरस मीटरला तीन-चार रोपं, खालून खत-माती, दोन-तीन वर्षं पाणी, म्हणजे ती एक उत्तम बाग आहे. भांडण एवढंच की तीच पाककृती डोंगरावर नेऊ नका. तिथल्या पातळ मातीला एवढ्या दाटीचं पाणी झेपत नाही, आणि आग आली तर सगळं एकगठ्ठा जळतं. बसस्टॉपच्या सावलीसाठी तर रस्त्याकडेची जुनी झाडं वाचवा. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा दर्जा मिळालाय, रस्ता रुंद करताना तो कुणाला आठवत नाही.

हवामानवेडा

उशिरा येतोय, पण हवामानाचा भाग राहिलाय. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा चढउतार वाढल्याचं कारण त्यांनी दिलंय. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये ताण पडतो.

लागवडीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? 'मृग लागला की लावा' हे आता बेभरवशाचं झालंय. जूनच्या पहिल्या सरीवर लावलं आणि तीन आठवडे ओढ बसली की मुरमातलं रोप गेलं. उशिरा, ऑगस्टमध्ये लावलं तर मूळ खोल जायच्या आत पाऊस संपतो. रोप निदान दोन वर्षांचं, मूळ पिशवीत गुंडाळलेलं नसावं, आणि जमिनीत दीडेक वीत ओल उतरल्याची खात्री करूनच लावा. कंपनीच्या कॅलेंडरवर तारीख ठरवून लावू नका. बस दोन महिने आधी बुक झालेली असते, पाऊस नसतो!

पुढे, पावसाळा संपल्यावर फेब्रुवारीतच ऊन चढलं की गवत लवकर वाळतं. मातीत ओल नाही, हवेत दमटपणा नाही, वारा आहे. रानगडी काकांचा १५ फेब्रुवारी हा दिवस सरकारी आहे, आगीला तो माहीत नाही.

उताराचंही ऐका. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं. त्याची कारणं अनेक, अतिवृष्टी हे एक, उतारावर केलेल्या फेरफारांची चर्चाही खूप झाली. तीव्र उतारावर यंत्राने चर खणून पाणी 'मुरवायचं' म्हणजे भिजलेल्या मातीवर आणखी वजन टाकणं, हे विसरू नये. जलसंधारणाच्या उत्साहात हे कुणी विचारत नाही. चष्मिश, तुमच्या उताराचा चढ किती आहे? जेसीबी वगैरे लावणार असाल तर आधी भूगर्भवाल्या माणसाला दाखवा.

चष्मिश

चढ चांगलाच आहे, धाप लागली होती. जेसीबी बेतात होता, काढायला लावतो.

पण एक मूलभूत प्रश्न. हे सगळं राखायचं कुणी? खात्याकडे माणसं नाहीत म्हणता, गावात गुरं नाहीत आणि पोरं नाहीत, आणि आम्ही शहरवाले एक दिवस येतो.

डोंगरकपारी

याचं उत्तर जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातून देतो. जिथे रानातून घरात काही येतं तिथे माणूस राखतो.

आमच्याकडे हिरडा आहे. महादेव कोळी, ठाकर घरांना उन्हाळ्यात बाळहिरडा म्हणजे रोख पैसा. कोवळं फळ झाडावर चढून काढायचं, कातळावर वाळत घालायचं, काळं कुळकुळीत झालं की पोत्यात. त्या दिवसांत रानात वणवा दिसला तर सगळी वाडी पळते, सरकारी निरोपाची वाट बघत नाही. हिरड्याच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. कुणाच्या हद्दीतलं झाड कुणी काढायचं हेही ठरलेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडं मुळासकट पडली. नुकसानभरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, कारण भात पडलं तर पंचनाम्याची रीत आहे, रानातल्या झाडाची नाही. हवामानबदल म्हणतात तो आमच्या घरात असा येतो.

कायद्याचं बोलायचं तर १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर संयुक्त वन व्यवस्थापन समित्या निघाल्या. काही गावांत चालल्या, बऱ्याच ठिकाणी पाटी राहिली. कारण बैठक खात्याची, शिक्का खात्याचा, गावाने फक्त सही करायची. २००६ च्या वनहक्क कायद्यात फरक आहे. त्यात गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतलं रान राखायचा, त्याचा आराखडा करायचा हक्क मिळतो. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी, अठराशे हेक्टरच्या आसपास रान. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला आणि गावाने स्वतः बांबू विकला. तोवर बांबू तोडायचे ठेके कागद कारखान्यांचे.

आता लगेच कुणी म्हणेल की गावाच्या हातात दिलं तर गाव तोडून खाईल. काही गावं खातीलही. पण जिथे बाहेरच्यालाच तोडायचा परवाना होता तिथे काय उरलं ते आपण बघितलंय.

निवृत्त_रानगडी

दादा, खात्याची बाजू पण थोडी लिहू द्या. एका वनरक्षकाच्या बीटात, म्हणजे त्याच्या वाटणीच्या हद्दीत केवढं रान असतं ते बघा. त्यात अतिक्रमण, शिकार, बिबट्या पिंजऱ्यात अडकला की रात्रभर गर्दी आवरायची, व्हीआयपी आले की त्यांच्यामागं पळायचं, आणि आता रोपांच्या फोटोंची नोंद ॲपवर करायची. जुन्नरला उसात बिबट्याची पिल्लं सापडली की सगळा स्टाफ तिकडं. मग जाळरेषा कोण काढणार? बाकी हिरड्याचं तुम्ही म्हणता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हिरड्याच्या रानात आग विझवायला मला कधी माणसं गोळा करावी लागली नाहीत.

टेकडीवाला

मुळशीच्या उतारावर हिरडा नाही, सामूहिक हक्काचा दावाही बहुधा नाही. मग तिथे गावाला काय मिळणार? करवंद-जांभूळ? त्यावर माणूस चार महिने राखण करेल असं वाटत नाही. शहराच्या टेकड्यांना तर ते लागूच नाही. तिथे राखण म्हणजे सकाळी फिरणारे आम्ही. २०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीवर एवढी माणसं चालली ती कुणी हिरडा विकायला नव्हती गेली.

डोंगरकपारी

बरोबर. टेकडीवर तुमचा फिरण्याचा हक्क हाच तुमचा हिरडा समजा. मुळशीला गवत आहे, त्यापासून सुरुवात करा. आणि मजुरी. मजुरीला कमी लेखू नका, गावातल्या माणसाला चार महिन्यांचं खात्रीचं काम म्हणजे मोठी गोष्ट आहे.

चष्मिश

आज साहेबांशी बोललो. निम्म्याच्या वर पैसे राखणदारांच्या मजुरीला आणि जाळरेषेला, बाकीचे थोड्या रोपांना, तेही घळीत आणि जिथे माती खोल आहे तिथेच, असं मांडलं. त्यांचा पहिला प्रश्न: "फोटो कशाचा काढायचा?" मी म्हटलं जळालेल्या पट्ट्याचा. दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, तीन वर्षांचा करार खात्याशी लेखी होत असेल तर बघू, पण वार्षिक अहवालात 'किती झाडं' हा रकाना आहे, तो रिकामा ठेवता येत नाही. त्यावर काही तोडगा?

माळकरी

रकान्यात आपणहून उगवलेली आणि राखलेली झाडं मोजून भरा. उतारावर कायमचे चौकोन आखा, चार कोपऱ्यांना दगड रंगवून ठेवा, दर ऑक्टोबरला आतले धुमारे आणि रोपं मोजा. आकडा तुमच्या खड्ड्यांपेक्षा मोठा येईल बहुतेक, आणि खराही. शिवाय उंची मोजता येते, कुठली जात वाढली ते कळतं. घाणेरी आणि रानमोडी, ही माजणारी परकी झुडपं, किती काढली तेही लिहा. ते काम पावसाळ्यात करा, माती ओली असताना मुळासकट येतं, फुलं यायच्या आत. शहरी लोकांच्या दोन बस त्यालाच न्या, हातमोजे देऊन. घाम निघतो, फोटोही चांगले येतात.

पवनाकाठ

आणि वडापाव बाहेरून नेऊ नका. गावातल्या बचत गटाला सांगा, पिठलं-भाकरी मिळेल. प्लास्टिकच्या बाटल्याही वाचतील.

रोकडे

मला यात यायला आवडेल. जाळरेषेच्या वेळी शहरातली माणसं चालतात का, की मध्ये लुडबुड होते?

निवृत्त_रानगडी

कापणीला चालतात. जाळायच्या वेळी नवीन माणूस फक्त काळ्या बाजूला, म्हणजे जिथं जळून झालंय तिकडं उभा राहील, पुढं नाही. वर चढाकडं तोंड करून आगीच्या पुढं कुणी जायचं नाही. अंगात सुती कपडे, पूर्ण बाह्या. ते व्यायामाचे चकचकीत टी-शर्ट ठिणगीनं अंगाला चिकटतात, कंपनीचे वाटलेले असतील तर ते त्या दिवशी नकोत. बूट चामडी. मोजे लोकरीचे घालू नका, कुसळी त्यात अशी शिरते की मोजा फेकावा लागतो. पाणी प्रत्येकानं स्वतःचं दोन लिटर. विळे आमच्या गावचा लोहार करून देईल, पण त्याला नोव्हेंबरात सांगावं लागेल, नंतर तो उसाच्या कोयत्यांच्या कामात असतो.

चष्मिश

काका, लोहाराचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. किती विळे सांगू?